अमेरिकन बिल्ल्याच्या युरोपीय सेडान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत जुनी, मजेदार चालणारी आणि खिशाला परवडणारी सेडान शोधणाऱ्यांसाठी हे पान आहे. इथे फक्त त्या गाड्या, ज्या युरोपीय गाडीवर बेतलेल्या आहेत पण अमेरिकन कंपनीच्या नावाने विकल्या गेल्या. कॅडिलॅक कॅटेरा आणि फोर्ड कॉन्टूर एसव्हीटी (साध्या कॉन्टूरचा वेगवान प्रकार) यांच्यावर जास्त लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यांच्याबद्दलच येतात. चुका होतात त्याही त्यांच्याच दुरुस्तीत.

नेमक्या कोणत्या गाड्या या गटात धरायच्या?

मर्कुर एक्सआर४टीआय (१९८५–८९) ही फोर्ड सिएरा. जर्मनीत राइनं इथे कारमानच्या कारखान्यात जुळायची आणि लिंकन-मर्क्युरीच्या शोरूममध्ये विकली जायची. काटेकोर बोलायचं तर ही तीन दारांची हॅचबॅक, पण या गटाची सुरुवात तिच्यापासूनच होते. कॅडिलॅक कॅटेरा (१९९७–२००१) म्हणजे रुसेल्सहाइममध्ये बनलेली ओपेल ओमेगा बी. फोर्ड कॉन्टूर एसव्हीटी (१९९८–२०००) ही पहिल्या मोंदेओची बहीण. मिसुरीतल्या कॅन्सस सिटीत बनली. लिंकन एलएस (२०००–०६) मिशिगनमधल्या विक्समची, पण तिचा सांगाडा जॅग्वार एस-टाइपसोबत वाटून घेतलेला. ब्यूक रीगल म्हणजे ओपेल इन्सिग्निया : २०११–१७ पहिली पिढी, २०१८–२० दुसरी.

पॉन्टिअॅक जीटीओ, जी८ आणि शेव्हरले एसएस इथे नाहीत. त्या होल्डनच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या.

पार्ट्स मिळतात का?

हा प्रश्न प्रत्येक पार्टसाठी वेगळा विचारावा लागतो. तीन गट डोक्यात ठेवा.

पहिला गट, अमेरिकेत भरपूर वापरलेले भाग. एक्सआर४टीआयचं २.३ लिटरचं टर्बो इंजिन फोर्डच्या ज्या घराण्यातलं आहे, त्याची इंजिनं मस्टँगपासून रेंजर पिकअपपर्यंत बसली. २०१८ च्या रीगल जीएसचं ३.६ लिटरचं व्ही६ कॅडिलॅक एटीएस आणि कमॅरोतही आहे. या इंजिनांची चिंता करू नका.

दुसरा गट, युरोपात भरपूर विकलेले भाग : सस्पेन्शनचे आर्म, बुश, ब्रेक, दारांची कुलपं, काच वर-खाली करणारी यंत्रणा. कॅटेराचे हे भाग ओमेगा बी या नावाने शोधा. इंजिनाला अमेरिकेत एल८१ म्हणतात, ओपेल त्यालाच एक्स३०एक्सई म्हणते. दोन्ही नावांनी शोधलं की निवड दुप्पट होते. हेच इंजिन साबच्या व्ही६ गाड्यांत आणि सॅटर्नच्या एल मालिकेत वेगवेगळ्या रूपात आहे, त्यामुळे बेल्टचा संच, गॅस्केट, ऑइल कूलर या गोष्टी साबच्या दुकानात सहज सापडतात. कॉन्टूर एसव्हीटीच्या इंजिनाचा युरोपीय जोडीदार म्हणजे मोंदेओ एसटी२००.

तिसरा गट खरा त्रासाचा : युरोपीय गाडी अमेरिकेसाठी बदलताना मुद्दाम बनवलेले भाग. कॅटेराची जाळी आणि मागची दिव्यांची पट्टी, कॉन्टूर एसव्हीटीचा पुढचा बंपर, अमेरिकन नियमांसाठी केलेले हेडलॅम्प. युरोपात यांना गिऱ्हाईक नव्हतं आणि अमेरिकेत गाड्याच कमी विकल्या गेल्या, म्हणून नवे बनवायला कोणी बसलेलं नाही. इंजिन खराब पण बाहेरून धडधाकट असलेली गाडी पुन्हा उभी करता येते. इंजिन ठणठणीत पण पुढून ठोकलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.

ब्रिटनमधून हेडलॅम्प मागवू नका. त्यांचा खालचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीसाठी असतो, अमेरिकेत तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

भारतातल्या मोंदेओचे पार्ट्स कॉन्टूरला चालतील का?

नाही. भारतात विकली गेलेली मोंदेओ पुढच्या पिढीची. सांगाडा वेगळा, इंजिनंही वेगळी.

कॅटेराचा टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? मालक म्हणतो एक लाख मैल चालतो.

६०,००० मैल किंवा सहा वर्षं, जे आधी येईल ते. लेखी पावती नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून गाडीची किंमत करा. हे इंजिन 'इंटरफिअरन्स' प्रकारचं आहे : बेल्ट तुटला किंवा दात चुकले की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि दोन्ही हेड उतरवावी लागतात. आणि इथे नुसता बेल्ट दगा देत नाही. टेन्शनर आणि आयडलर पुलीची बेअरिंग आधी जातात, मग धडधाकट दिसणारा बेल्टही घसरतो. म्हणून फक्त बेल्ट बदलून दिलेली गाडी म्हणजे अर्धवट काम.

पूर्ण संचात बेल्ट, टेन्शनर आणि दोन आयडलर येतात. इतकं उघडलंच आहे तर पाण्याचा पंप, चार कॅमशाफ्टच्या सील आणि क्रँकची पुढची सील त्याच वेळी बदला. पुन्हा तेवढीच मजुरी देण्यात अर्थ नाही.

हा बेल्ट घरी बदलता येतो का?

येतो, पण लॉकिंग टूल्सचा संच हवाच. चारही कॅमच्या पुली आणि क्रँक अडकवून ठेवणारा हा संच भाड्याने मिळतो. नुसत्या रंगाच्या खुणा करून काम उरकणाऱ्यांचं बिनसतं ते इथे : जुना बेल्ट निघाला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलतात, पुली झटकन फिरते आणि खूण हलते.

क्रम असा. इंजिन पूर्ण थंड हवं. पहिल्या सायलिंडरचा पिस्टन सगळ्यात वरच्या जागी, म्हणजे टॉप डेड सेंटरला आणा, क्रँक लॉक करा, मग कॅमच्या जोड्या लॉक करा. जुने भाग काढा, नवे आयडलर आणि टेन्शनर हाताने घट्ट होतील इतकेच लावा. नव्या बेल्टवरच्या खुणा आणि पुलींच्या खुणा जुळवत बेल्ट चढवा, मग सर्व्हिस मॅन्युअलच्या क्रमाने ताण द्या. लॉक काढा. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन घड्याळाच्या दिशेने बरोब्बर दोन फेरे फिरवा. कॅमच्या बोल्टने कधीच फिरवू नका. पुन्हा लॉक आणि मापक लावून बघा. एक जरी पुली जुळत नसेल तर ताण सोडून पहिल्यापासून सुरू करा. सेल्फ मारून "बघू चालते का" हा प्रयोग इथे फार महाग पडतो.

कूलंटच्या टाकीत तपकिरी चिखल दिसतो. हेड गॅस्केट गेलं का?

कॅटेरात बहुतेकदा नाही. या व्ही६ च्या दोन हेडांच्या मधल्या खोलगट जागेत, कूलंटच्या आत बुडालेला ऑइल कूलर आहे. तो गंजून झिरपला की तेल कूलंटमध्ये येतं, कारण इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. हेच लक्षण ओळखायला उपयोगी पडतं : टाकीत तेल आहे, पण डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ, पांढरा धूर नाही, गाडी गरम होत नाही आणि कॉम्प्रेशन सगळीकडे सारखं, तर आधी कूलर धरा. अनेक गॅरेज इथे सरळ हेड उतरवायचा खर्च सांगतात. कूलंट सिस्टिमला दाब देऊन तपासल्याशिवाय होकार देऊ नका.

कूलर बदलायला इनटेकचा वरचा भाग आणि कूलंटचा आडवा पूल काढावा लागतो. जोडांच्या सील आणि वॉशर नवेच घ्या. काम झाल्यावर सिस्टिम धुणं हा वेगळा व्याप आहे. थर्मोस्टॅट काढून, डिशवॉशरची कमी फेसाची पावडर गरम पाण्यात विरघळवून भरा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, सोडा, साध्या पाण्याने तीनचारदा धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. तेलाने फुगलेले, दाबले की मऊ लागणारे रबरी पाइप टाकून द्या, ते नंतर रस्त्यात फुटतात. शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं.

कॅटेराचं इंजिन अडखळतं आणि जळक्या तेलाचा वासही येतो.

स्पार्क प्लग काढून बघा. प्लगच्या विहिरीत तेल साचलं असेल तर कॅम कव्हरचं गॅस्केट गेलं आहे. नवं गॅस्केट लावून दोन महिन्यांत पुन्हा गळलं, अशी तक्रार नेहमी असते. कारण सहसा गॅस्केट नसतं. क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या बारीक वाटा काजळीने बुजलेल्या असतात, आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल तिथून बाहेर पडतं. कव्हर हातात आहे तोवर त्या वाटा साफ करा. बोल्ट ८ न्यूटन-मीटरच्या वर कसू नका. कॅमच्या टोकाच्या कॅपपाशी जिथे सांधा आहे, तिथे सीलंटचा छोटा थेंब लागतो, तो विसरला की त्याच कोपऱ्यातून गळतं.

गाडी गरम झाली की बंद पडते आणि वीस मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी सुरू होते, असं असेल तर क्रँक पोझिशन सेन्सर.

इतकं सगळं आहे तर कॅटेरा घ्यावी का?

हायवेवर स्थिर, मागच्या चाकांवर चालणारी, आरामदायी गाडी हवी असेल आणि बेल्ट, कूलर, गॅस्केट यांच्या पावत्या असतील तर घ्या. स्पोर्ट सेडान म्हणून घेतली तर निराश व्हाल. २०० अश्वशक्तीला सुमारे १,७०० किलो ओढायचे आहेत, आणि गिअरबॉक्स फक्त चार टप्प्यांचा ऑटोमॅटिक. २००३–०४ च्या सीटीएसमधलं ३.२ लिटरचं इंजिनही याच घराण्यातलं, त्यालाही बेल्टच आहे.

कॉन्टूर एसव्हीटी आणि साधी व्ही६ कॉन्टूर यांत खरा फरक काय?

इंजिनाचा श्वास. एसव्हीटीच्या इनटेक मॅनिफोल्डच्या आतल्या वाटा अपघर्षक लगदा दाबाने सोडून गुळगुळीत केलेल्या होत्या, कॅम वेगळे होते, एक्झॉस्ट मोकळा होता. साधं २.५ लिटर इंजिन १७० अश्वशक्तीचं, एसव्हीटी सुरुवातीला १९५ आणि नंतर २००. गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल, पाच गिअर. वजन सुमारे १,४०० किलो. स्टिअरिंगची धार आजच्या विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये सापडत नाही. मागची सीट मात्र खरोखर अरुंद आहे. उंच माणसाला मागे बसवून लांबचा प्रवास नको.

टायमिंगला चेन आहे, बेल्टची कटकट नाही.

कॉन्टूरच्या इंजिनाची बेअरिंग जातात म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि कारण साधं आहे. वेगात लांबलचक वळण घेतलं की पॅनमधलं तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाची सोंड क्षणभर हवा ओढते. तेल आधीच कमी असेल तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंग त्याची किंमत मोजतात. ही इंजिनं थोडं तेल खातात, मालक तीन हजार मैल डिपस्टिक बघत नाही, आणि मग एखाद्या हायवेच्या गोल रॅम्पवर काम तमाम होतं. उपाय : दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना तेल बघा आणि पातळी कायम वरच्या खुणेवर ठेवा. ट्रॅकवर नेणार असाल तर पॅनमध्ये तेल अडवणारे पडदे बसवून घ्या.

विकत घेताना इंजिन गरम करून २,००० ते ३,००० आरपीएमच्या दरम्यान थ्रॉटल हळूच सोडा आणि खालून लयीत ठोका येतो का ऐका. आला, तर पुढची बोलणी नव्या इंजिनाच्या किमतीपासून सुरू करा.

कॉन्टूर ट्रॅफिकमध्ये गरम होते, पण रेडिएटर आणि पंखा ठीक आहेत.

पाण्याचा पंप. सुरुवातीच्या पंपांच्या आतलं पंख्याचं चक्र प्लॅस्टिकचं होतं, ते दांड्यावर सैल होतं किंवा तुटतं. बाहेर गळती नसते, म्हणून लक्षात येत नाही. धातूच्या चक्राचा पंप घ्या. हा पंप गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि कॅमशाफ्टच्या टोकावरच्या पुलीवरून छोट्या वेगळ्या बेल्टने फिरतो. तो बेल्टही सोबत बदला. पंपाचे तुटलेले तुकडे रेडिएटरमध्ये अडकू शकतात, म्हणून सिस्टिम उलट दिशेने धुऊन घ्या.

वरच्या आरपीएमला कॉन्टूरचा दम निघून जातो.

प्रत्येक सायलिंडरला दोन इनटेक वाटा आहेत, त्यातली दुसरी वरच्या आरपीएमलाच उघडते. ती उघडणारी आयएमआरसी नावाची यंत्रणा अडकते. बोनेट उघडून कोणाला तरी ४,००० च्या पुढे रेझ करायला सांगा आणि केबलने ओढला जाणारा दांडा हलतो का पाहा. हलत नसेल तर केबल सोडून दांडा हाताने फिरवा : हाताने मोकळा फिरला तर मोटरचा डबा किंवा त्याची वायरिंग, घट्ट असेल तर काजळी. संगणकात पी१५१८ किंवा पी१५१९ कोड सहसा साठलेला असतो. दांडा हलतो आणि तरी दम नाही, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे का बघा.

१९९५ ते ९८ च्या कॉन्टूरमध्ये इंजिनाजवळच्या तारांवरचं आवरण कडक होऊन तडकतं. एकामागोमाग वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले कोड येत असतील तर सेन्सर बदलत बसण्याआधी तारा वाकवून बघा.

कॉन्टूरच्या गिअरबॉक्समधली कमजोर जागा?

डिफरन्शियलची आडवी पिन. चाक एका जागी सुसाट फिरवून गाडी पळवली, की पिनला धरणारी छोटी कील तुटते, पिन बाहेर सरकते आणि फिरता फिरता गिअरबॉक्सचं घर फोडते. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली येतोच, तेव्हाच लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक सुसाट फिरू न देणारं) बसवणं शहाणपणाचं. तिसऱ्या गिअरमध्ये टाकताना करकर आली तर सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग जुळवणारं कडं, झिजलं आहे.

कॉन्टूरमध्ये ३.० लिटरचं इंजिन बसतं का?

बसतं, आणि बेअरिंग गेलेल्या गाडीसाठी हाच सगळ्यात व्यवहारी मार्ग आहे. फोर्डच्याच टॉरस आणि एस्केपमधलं ३.० ड्युराटेक व्ही६ याच घराण्यातलं : पिस्टनचा पल्ला तोच, ७९.५ मिलिमीटर, सिलिंडरचा व्यास मात्र ८९. स्क्रॅप यार्डात ते मुबलक मिळतं. एसव्हीटीचे कॅम आणि इनटेक जपून ठेवा, ते नव्या इंजिनावर चढवण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत, ३.० च्या हेडांच्या वाटांचा आकार वेगळा असल्याने मॅनिफोल्ड जुळवण्याचं काम मात्र करावं लागतं. इंधनाचं ट्यूनिंग नव्याने केल्याशिवाय जोरात चालवू नका. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात इंजिन बदलण्याचे प्रदूषणाचे नियम आधी वाचा.

एक्सआर४टीआयला ओबीडी-२ (स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचायची सोय) नाही. कोड कसे वाचायचे?

साधी तार आणि बारा व्होल्टचा चाचणी दिवा पुरतो. टेस्ट कनेक्टरवरची एसटीआय (चाचणी सुरू करणारी) तार सिग्नल रिटर्नला जोडा, दिव्याचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरं एसटीओला, म्हणजे कोड बाहेर देणाऱ्या टोकाला. इंजिन बंद ठेवून चावी 'ऑन' करा. दिव्याच्या उघडझापीतून दोन आकडी कोड मिळतात : दोन उघडझापी, थांबा, मग तीन, म्हणजे २३. ११ आला तर त्या चाचणीत सगळं ठीक. मध्ये एकटी १० ची खूण येते, तिच्यानंतरचे कोड जुन्या, साठवलेल्या बिघाडांचे.

या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे जातात, आणि हवा मोजणाऱ्या मीटरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी नळीला छोटी भेग पडली तरी मोजमाप चुकून इंजिन अडखळतं. नळी काढून वाकवून बघा, लावलेली असताना भेग दिसत नाही. टायमिंग बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात थांबेल, पण व्हॉल्व्ह वाकत नाहीत. कॅटेराच्या मालकांना हे ऐकून हेवा वाटेल.

लिंकन एलएस कशी?

चालवायला या यादीतली सगळ्यात समतोल गाडी. व्ही६ सोबत २०००–०२ मध्ये गेट्रागचा पाच टप्प्यांचा मॅन्युअल मिळायचा. तशी सापडली तर आधी तीच बघा. ३.९ लिटरचं व्ही८ जॅग्वारच्या इंजिनावर बेतलेलं. नेहमीच्या तक्रारी दोन. व्हॉल्व्ह कव्हर गळून प्लगच्या विहिरीत तेल जातं आणि इग्निशन कॉइल मरतात, तेव्हा गॅस्केट न बदलता नुसत्या कॉइल बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरी, कूलिंगचे प्लॅस्टिकचे भाग तडकतात, आधी कूलंटची टाकी. एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला थंड हवा आली तर हीटरकडे कूलंट वळवणारा दुहेरी व्हॉल्व्ह गेला आहे.

रीगल जीएस कोणत्या वर्षाची घ्यावी?

गिअर स्वतः बदलायचे असतील तर २०१२–१३ : २.० लिटर टर्बो, २७० अश्वशक्ती, सहा गिअरचा मॅन्युअल, ब्रेम्बोचे ब्रेक, आणि जोरात थ्रॉटल दिल्यावर स्टिअरिंग हातातून ओढू न देणारं हायपर स्ट्रट सस्पेन्शन. बर्फाच्या राज्यात असाल तर २०१४ नंतरची चारही चाकांवर चालणारी; इंजिन नवं, २५९ अश्वशक्तीचं. २०१८–२० ची जीएस व्ही६ ची, ३१० अश्वशक्तीची, मागचं दार काचेसकट उघडणारी. ती रुसेल्सहाइममध्येच बनली, आणि २०१७ मध्ये जनरल मोटर्सने ओपेल प्यूजो-सित्रोएनच्या समूहाला विकली. इंजिन-गिअरबॉक्सची काळजी नाही, पण पत्रे आणि आतली सजावट या भागांसाठी वाट बघण्याची तयारी ठेवा. विम्यात काच भरून मिळते का तेवढं आजच विचारून ठेवा.

रीगल टर्बोला कोणतं तेल?

डेक्सॉस१ (जनरल मोटर्सचं तेलाचं मानक) चं सध्या चालू असलेलं प्रमाणपत्र असलेलंच. कमी आरपीएमला जोराचा थ्रॉटल दिला की टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात मिश्रण वेळेआधी पेट घेऊ शकतं, आणि २०१४ नंतरच्या २.० मध्ये त्या धक्क्याने पिस्टन तडकतात. नवीन प्रमाणपत्राची तेलं हे टाळायलाच बनवलेली आहेत. तेलबदल ५,००० मैलांवर, प्रीमियम पेट्रोल, आणि मॅन्युअल गाडीत चढावर सहाव्या गिअरमध्ये रेटत बसू नका.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सुटतं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. त्यांच्यावर काजळी जमते. थंडीत सुरू करताना थरथरत असेल तर अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने व्हॉल्व्ह साफ करून घ्या. टाकीत ओतायची औषधं तिथवर पोचतच नाहीत.

चाकं एकमेकांना बसतात का?

बोल्टची मापं : एक्सआर४टीआय आणि कॉन्टूर ४×१०८, लिंकन एलएस ५×१०८, कॅटेरा ५×११०, २०११–१७ ची रीगल ५×१२०. मधल्या भोकाचं माप आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) वेगळे असतात, नुसते बोल्ट जुळले म्हणून घेऊ नका.

परत भारतात जाताना गाडी नेता येईल का?

नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची हवी, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. वरच्या सगळ्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या आणि वयाने कितीतरी पुढे गेलेल्या. निघण्याआधी इथेच विका. विकताना बेल्ट, पंप आणि तेलबदलाच्या पावत्या गाडीसोबत द्या. या गाड्यांना चांगला भाव पावत्यांमुळेच येतो.